रात्रपाळीच्या वहीतली पीएच.डी.

आदरणीय ताई,

मी ४६ वर्षांची आहे. बडोद्यातल्या एका वृद्धाश्रमाचं व्यवस्थापन ११ वर्षं बघते. ६२ रहिवासी, १९ जणांचा स्टाफ. २००२ साली इथंच एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) केलं, ५८ टक्के मिळाले, मग शिक्षण थांबलं ते थांबलंच. हल्ली मोबाइलवर एका परदेशी विद्यापीठाच्या ‘जेरोंटॉलॉजी अँड लीडरशिप’ (वार्धक्यशास्त्र आणि नेतृत्व) या विषयातल्या ऑनलाइन डॉक्टरेटची जाहिरात सारखी दिसते. कन्सल्टंटला फोन केला. तीन वर्षं, घरबसल्या, फी हप्त्यानं, असं तो म्हणाला. मिस्टर म्हणतात, “आता या वयात कशाला? प्रमोशन थोडंच मिळणार आहे?” घरी सासूबाई ८१ वर्षांच्या, थोडं विसरायला लागल्यात. मुलगा बारावीला. करू का मी हे? ऑनलाइन चालेल का? बडोद्यात हा विषय मिळेल का? आणि ‘लीडरशिप’ हा खरंच अभ्यासाचा विषय आहे की नुसतं भारदस्त नाव?

ता. क. गेल्या महिन्यात आमच्या एका आजी (वय ८४, ३० वर्षं गुजराती शाळेत शिकवलेल्या) रात्री “पोटात ढवळतंय, मळमळतंय” म्हणत राहिल्या. रात्रपाळीची आयाबेन छोटाउदेपूरकडची. तिला ‘पोट’ तेवढं कळलं. भूक लागली समजून तिनं दूध पाजलं, ते सगळं उलटून पडलं. वहीत नोंद अशी, की बा चिडचिड करतात, दूध उलटून काढलं. सकाळी आयाला विचारलं तर म्हणाली, “बेन, बा तो तीन अठवाडियाथी गुजराती बोलताज नथी.” तीन आठवडे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. असो, उगाच लिहिलं, मन मोकळं केलं.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

*

तुमचं पत्र वाचत वाचत मी ता. क.पाशी आले आणि तिथंच थांबले. तुम्ही ‘उगाच लिहिलं’ म्हणता, पण माझ्या मते तुमच्या बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या सहा ओळींत आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच करते. फी, परीक्षा, नियम हे मागून बघू.

त्या रात्री काय झालं ते पुन्हा एकदा सावकाश बघा. ज्या बाईंनी ३० वर्षं गुजरातीतून वर्ग घेतले, त्यांची गुजराती गेली आणि आईकडून आलेली मराठी उरली. स्मृतिभ्रंशात हे पुष्कळदा दिसतं. मागून शिकलेली भाषा आधी सुटते. आजी नेमकं सांगत होत्या, अगदी डॉक्टरला सांगावं तितकं नेमकं. आया उशाशी होती, झोपलेली नव्हती, मायेनं दूध घेऊन आली. दोघींनीही आपापलं बरोबरच केलं आणि तरी एक ८४ वर्षांची बाई मध्यरात्री उलटीत भिजून बसली. तेच दूध श्वासनलिकेत उतरलं असतं तर न्यूमोनियावर गेलं असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता दुसरा भाग. आयाला तीन आठवडे माहीत होतं आणि तुम्हाला नव्हतं. मधे दिवसपाळीची आया होती, नर्स होती, सुपरवायझर होती, येणारे-जाणारे डॉक्टर होते. निरोप वर का आला नाही? आयाला लिहायची सवय नाही म्हणून? वहीत ‘आज कोणत्या भाषेत बोलल्या’ असा रकानाच नाही म्हणून? की पाळी बदलताना आयाला काही विचारायचं असतं हे कुणाच्या मनातच आलं नाही?

यातला पहिला भाग जेरोंटॉलॉजीचा आणि दुसरा लीडरशिपचा. जाहिरातीत जोडून दिलेली ही दोन नावं तुमच्या आश्रमात एका रात्रीत एकाच खाटेपाशी एकत्र आली होती. त्यामुळे ‘हा खरंच विषय आहे का’ या प्रश्नाला माझं उत्तर हो असंच आहे.

दोन शब्द नावांबद्दल, कारण कन्सल्टंट मंडळी यांची गल्लत करतात. म्हाताऱ्या माणसांच्या आजारांवरचं वैद्यक म्हणजे जेरियाट्रिक्स. हे नाव नॅशर या डॉक्टरांनी १९०९ साली रूढ केलं. जेरोंटॉलॉजी हे नाव मेचनिकॉफ यांनी त्याआधी, १९०३ मध्ये दिलं, आणि त्यात म्हातारपणाचं सगळंच येतं: शरीर, मन, पैसा, घर, कायदा, एकटेपण. आपल्याकडे आयुर्वेदाच्या आठ अंगांत ‘जरा’ हे स्वतंत्र अंग पूर्वीपासून आहे, तेव्हा हे काही साता समुद्रापलीकडून आलेलं खूळ नव्हे. तुम्ही डॉक्टर नाही म्हणून या विषयात कमी पडाल, ही भीती मनात असेल तर काढून टाका. समाजकार्याची माणसं या विषयात हवीच आहेत.

लीडरशिपचं म्हणाल तर अमेरिकेतल्या रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० साली एका निबंधात ‘सर्व्हंट लीडरशिप’ची कल्पना मांडली: पुढारी आधी सेवक असतो, आणि त्याची कसोटी ही, की ज्यांची सेवा केली ती माणसं त्यातून वाढली का. वृद्धाश्रमात ही कसोटी फार कडक लागते. तिथलं नेतृत्व ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये थोडं आणि रात्री दोन वाजता जास्त दिसतं. अँब्युलन्स बोलवायची मुभा कुणाला आहे? आयाला, की तिनं आधी सुपरवायझरला फोन लावायचा आणि सुपरवायझरनं तुम्हाला? एखादी आया सोडून गेली की तिच्या डोक्यातली १५ रहिवाशांची माहिती कुठं जाते? तुम्ही हे ११ वर्षं जगताय. यावर अभ्यास करायला सिद्धान्त लागतात, पद्धत लागते, पण विषय तुमच्या हातात आहे.

रॉबर्ट बटलर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये ‘एजिझम’ हा शब्द वापरात आणला. माणूस म्हातारा आहे एवढ्यावरून त्याच्याबद्दल ठरवून टाकणं, असा त्याचा अर्थ. तुमच्या वहीतला ‘चिडचिड’ हा शब्द आता त्या नजरेनं वाचा. तरुण रुग्णानं ‘मळमळतंय’ म्हटलं असतं आणि ते कुणाला कळलं नसतं, तर नोंद ‘भाषा कळली नाही’ अशी झाली असती.

भाषेचा धागा मला विशेष मोलाचा वाटतो. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती, आणि हा फरक निरक्षर माणसांतही दिसला. जगभर त्याची दखल घेतली गेली. तो अभ्यास लक्षणं कधी सुरू होतात याचा होता. आजार लागल्यावर सेवा कोणत्या भाषेत होते, हा प्रश्न तुमच्यासाठी मोकळा आहे, आणि तो विचारायला बडोद्यासारखं गाव नाही. इथं घरात मराठी, बाजारात गुजराती, आणि रात्री उशाशी बसणाऱ्या बाईची भाषा राठवी, म्हणजे छोटाउदेपूरकडची आदिवासी बोली. रावपुरा, दांडिया बाजार, नवापुरा इथल्या किती आजी-आजोबांची मुलं पुण्याला किंवा परदेशात आहेत आणि सेवा पूर्णपणे आयांवर आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तपासण्यांचंही तसंच. स्मरणशक्ती तपासायची फोल्स्टीन यांची १९७५ची चाचणी सगळीकडे वापरतात. तिच्यात एक वाक्य लिहून दाखवायचं असतं, शंभरातून सात-सात वजा करायचे असतात. हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांत हे चालेना, कारण तिथल्या म्हाताऱ्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मग त्यांच्यासाठी वेगळी हिंदी चाचणी घडवावी लागली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. तुमच्या आजींची चाचणी गुजरातीत घेतली तर किती गुण पडतील आणि मराठीत घेतली तर किती? एवढ्या एका प्रश्नावर प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहील.

आता त्या ऑनलाइन डॉक्टरेटबद्दल. नका करू. भारतातल्या विद्यापीठांना दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. देता येत नाही, असं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांत स्पष्ट आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यूजीसी आणि एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) यांनी मिळून सूचना काढली, की परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून कंपन्या ज्या ऑनलाइन पीएच.डी.च्या जाहिराती करतात त्यांना मान्यता नाही. कन्सल्टंटनं हे तुम्हाला सांगितलं नाही, यावरून त्याची परीक्षा झाली. मुलाच्या कॉलेजसाठी ठेवलेला पैसा यात घालू नका.

तिकडचे सगळेच अभ्यासक्रम खोटे, असं मात्र मी म्हणत नाही. अमेरिकेत हा विषय जुना आणि भक्कम आहे. पण तो त्यांच्या पायावर उभा आहे. १९८७ साली तिथं नर्सिंग होमसाठी कायदा झाला: प्रत्येक रहिवाशाची ठरावीक काळानं लेखी तपासणी, आणि सेविकेला निदान ७५ तासांचं प्रशिक्षण. त्यांचं नेतृत्वाचं शिक्षण याच्या पुढं सुरू होतं. तुमची आया आधीच्या आयाकडं बघून शिकली. आपल्याकडे २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्याजिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांसाठी आश्रमाची तरतूद आहे. पण आत सेवा करणाऱ्या बाईला काय शिकवायचं, त्याचं उत्तर तिथं सापडत नाही. बाहेरचं ज्ञान इथं कसं रुजवायचं ते बडोद्यानं आधी दाखवलंय. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथपालांना ग्रंथालयांसाठी बोलावलं. बॉर्डननी इथं वर्ग काढून इथल्याच माणसांना ग्रंथपाल म्हणून तयार केलं, आणि ग्रंथालयं बडोदा संस्थानच्या गावागावांत गेली. तिकडची पुस्तकं तुम्हीही जरूर वाचा. प्रबंध मात्र इथला असू द्या.

तो इथं होऊ शकतो. पदवीवर ‘जेरोंटॉलॉजी’ असं छापून येण्याचा हट्ट सोडा. महाराजा सयाजीराव विद्यापीठात समाजकार्याची फॅकल्टी आहे, तीच तुमची मूळ वाट. दुसरी वाट फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेसची, म्हणजे आपण अजून होम सायन्स म्हणतो ती. तिथं ह्यूमन डेव्हलपमेंटचा विभाग आहे, माणसाच्या सगळ्या वयांचा अभ्यास तिथं बसतो. पीएच.डी. समाजकार्यातली आणि विषय वार्धक्याचा, हे अगदी चालतं. कोर्सवर्कला (पीएच.डी.च्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमाला) मॅनेजमेंटच्या माणसाकडून नेतृत्वाचं वाचन मागून घ्या.

नियम थोडक्यात. एम.एस.डब्ल्यू.ला ५५ टक्के लागतात, तुम्हाला ५८ आहेत. पीएच.डी.ला वयाची वरची अट नाही. (जेआरएफ या संशोधनाच्या सरकारी फेलोशिपला आहे, तेव्हा ती हिशेबात धरू नका.) नोकरी करत पार्ट-टाइम करता येते, पण संस्थेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि त्यात अभ्यासाला वेळ मिळेल, कोर्सवर्कच्या काळात गरज पडली तर मोकळीक मिळेल, असं लिहिलेलं हवं. ट्रस्टींशी हे बोलणं आधी करा, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. कोर्सवर्क निदान १२ क्रेडिटचं. मुदत कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६. पुनर्नोंदणीनं २ आणि स्त्रियांना आणखी २ वर्षं मिळू शकतात. प्रवेशासाठी जून २०२४ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण धरायला सुरुवात झाली आहे. सोशल वर्क हा नेटचा विषय आहे, निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि केवळ पीएच.डी.साठी पात्र झालात तर तो निकाल एक वर्ष चालतो. विद्यापीठाची त्या वर्षीची प्रवेशाची सूचना शब्द न् शब्द वाचा. आणखी एक: निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या प्राध्यापकांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. मार्गदर्शक शोधताना हे विचारायला लाजू नका.

आता माझं सांगते, कारण ही चूक तुम्ही करू नये असं मला मनापासून वाटतं.

मी ४१व्या वर्षी नोंदणी केली. विषय होता घरातल्या निर्णयांत वृद्धांचा वाटा. प्रश्नावली घेऊन घरोघर फिरले. “पैशाचे निर्णय कोण घेतं?” असा प्रश्न होता. शेजारी बसलेला मुलगा म्हणायचा, “बाबाच घेतात, हो ना बाबा?” बाबा मान डोलवायचे. मी रकान्यात खूण करायचे. असे ८० फॉर्म झाले होते. नवापुऱ्यातल्या एका घरी आजोबा मला सोडायला जिना उतरून खाली आले. कठड्याला धरून, एकेक पायरी. दारापाशी आवाज खाली आणून म्हणाले, “पोरी, पासबुक माझ्याकडं नाही. चार वर्षं झाली.” आणि वर निघून गेले. त्या रात्री मी ते ८० फॉर्म पुढ्यात घेऊन बसले. त्यातले किती मुलांनी भरले होते, ते ओळखायची कसलीही खूण त्यांवर नव्हती. सगळे बाजूला ठेवावे लागले. वर्ष गेलं. पुढचे सगळे फॉर्म मी माणसाला एकटं गाठून भरले, देवळाच्या ओट्यावर, कमाटीबागेतल्या बाकांवर.

तुमची अडचण माझ्यापेक्षा मोठी आहे. तुम्ही तिथल्या मुख्य आहात. तुम्ही आयाला विचारलंत, “तू वर का सांगितलं नाहीस?” तर ते तिला संशोधन वाटणार नाही, चौकशी वाटेल. ती नोकरी सांभाळून उत्तर देईल. रहिवाशांचंही तेच: खोली तुमच्या हातात, ते ‘नाही’ कसं म्हणतील? आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं याबाबत वाचाच. हाताखालच्या माणसांना आणि ज्यांची समज कमी झाली आहे अशांना विशेष जपायला सांगितलं आहे. माझं मत असं, की मुलाखतींसाठी दुसरे दोन-तीन आश्रम घ्या. स्वतःचा आश्रम घेतलाच तर तिथल्या मुलाखती दुसऱ्या कुणाकडून, नावं झाकून करून घ्या. स्मृतिभ्रंश झालेल्या आजींची संमती एकदा सही घेऊन संपत नाही. दर भेटीला विचारायचं, आणि त्यांनी तोंड फिरवलं तर उठायचं.

आकड्यांची जोड लागेल तेव्हा ‘लासी’ हे नाव लक्षात ठेवा. ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून जास्त भारतीयांची ही पाहणी २०१७-१८ मध्ये झाली, मुंबईच्या आयआयपीएस या संस्थेनं ती केली, आणि संशोधकांना तिची माहिती अर्ज करून मोफत मिळते. २०११च्या जनगणनेत साठीपुढचे लोक साधारण १० कोटी ४० लाख होते. २०५० पर्यंत ते ३४ कोटींच्या पुढं जातील असा अंदाज २०२३च्या इंडिया एजिंग रिपोर्टमध्ये आहे. प्रस्तावनेला हे पुरेसं आहे. आकड्यांत फार रमू नका, तुमचं बळ खाटेपाशी आहे.

राहिला घरचा प्रश्न. मिस्टरांचं एक म्हणणं खरं आहे: प्रमोशनची खात्री नाही. वृद्धाश्रमाच्या पगारात पीएच.डी.मुळे भर पडेलच असं नाही. नावाआधी ‘डॉ.’ लागावं एवढ्यासाठीच करायचं असेल तर सहा वर्षं फार जड जातील, हेही सांगते. पण आयांना शिकवायचं काहीतरी पक्कं तुमच्या हातून तयार व्हावं असं वाटत असेल, तर या कामाला तुमच्याइतकी लायक बाई मला दिसत नाही. मिस्टरांशी “करू का?” असं बोलू नका. “बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी आईंजवळ कोण बसेल?” असं बोला. त्या प्रश्नाला घरात खरं उत्तर मिळेपर्यंत फॉर्म भरू नका. सासूबाईंना विसर पडतोय म्हणता, त्यांनाही एकदा डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड किंवा बी-१२ची कमतरता असली तर ते औषधानं सुधारू शकतं. हे पीएच.डी.च्या आधी.

आणि यंदा प्रवेश नको. मुलाची बारावी होऊ दे. या वर्षात नेटचा अभ्यास करा. जोडीला आजपासून एक वेगळी वही घाला, आश्रमाची नव्हे, तुमची. रात्रपाळी सुरू होताना १० मिनिटं आयांबरोबर बसा आणि त्यांना एकच विचारा, आज कोण वेगळं वागलं? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा, राठवी असली तर राठवीत, अर्थ शेजारी. कुणाचं नाव लिहू नका, खाट नंबरही नको. संशोधन म्हणून हे वापरता येणार नाही, त्याला रीतसर परवानगी लागते; पण नेमकं काय विचारायचं ते त्यातून कळेल. आणि त्या आजींच्या खाटेपाशी रात्री जी कुणी असेल, तिला मळमळणं, उमासे, घशाला कोरड, चक्कर, कळ, लघवी असे २० मराठी शब्द उद्याच शिकवा. त्यासाठी प्रबंधाची वाट बघायची नाही.

सहा महिन्यांनी त्या वहीतून दोन पानं काढा. आधी मराठीत लिहा, इंग्रजी मागून. ती घेऊन फॅकल्टीत एखाद्या प्राध्यापकांना भेटा. त्यांनी पानं वाचून तुम्हाला पहिला प्रश्न कोणता विचारला, तो मला नक्की लिहून कळवा.